उभ्या घराचा पंचनामा

आमच्या कोसमटोल्यात वादळ आलंच नाई. म्हणजे पहिले तं सरकारच्या हिशोबानं नाई आलं. तुम्ही कधी इकडं याल तं दाखवते. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घराच्या मागं, मोहाचं बुड पडून आहे. त्याले कवेत घ्याले दोन माणसं लागते. ते झाड आमच्या घरावर पडलं. पण सरकारले सांगतलं तवा ते म्हणे, कुठचं झाड अन् कुठचं घर?

मी गिरजाबाई. लहानू म्हणजे आमचा बुडा. बुडा म्हणते म्हणून म्हातारा नका समजू, पन्नाशीचाच आहे. पण लग्न झालं तवापासून त्याचं सारं काम बुड्यासारखं हळूहळू, म्हणून मी आपली बुडाच म्हणते. त्याले राग येत नाई. कशाचाच येत नाई, हेच तं माझं दुखणं आहे. साऱ्या घराचा राग मले एकटीले करा लागते.

आम्हाले एकच पोरगी, नूतन. बल्लारपूरले देली. जवाई अश्वजित कागदाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाले. पोरगा चांगला आहे, दारू नाई, खर्रा नाई. पण घर म्हणजे एक खोली. सासू कधीचीच गेली, अन् सासऱ्याले डोळ्यानं दिसत नाई. नूतनचं पहिलं लेकरू तिथीच झालं, दिवस भरायच्या आधी. जवाई पाळीवर गेलेला, सासरा खाटेवर बसून हाका मारत राह्यला, अन् शेजारीण येईपर्यंत लेकरू थंडगार पडलं. आम्हाले तिसऱ्या दिवशी निरोप भेटला. घरोघरी फोन असायचे ते दिवस नव्हते. मी पोहोचली तवा माझी पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मले पाहून म्हणते, "माय, तू असती तं?"

बस, इतकंच म्हणली. तवापासून ते माझ्या काळजात रुतून बसलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तवाच मी जवाईले बजावून सांगतलं, "हे बाळंतपण माझ्या घरी. काही इकडचं तिकडचं ऐकणार नाई मी." मले दुसरं काही नाई पाहिजे होतं. सोनं नाई, नाणं नाई. माझ्या घरात, माझ्या हातात ते लेकरू रडलं पाहिजे, इतकंच.

बुद्धपौर्णिमेले तिले आणायचं ठरलं. अन् पौर्णिमेच्या चार-सहा दिवस आधी ते वादळ-वावधन आलं.

रेडिओवर सांगत होते का आंध्राकडं समुद्रात तुफान उठलं. आम्ही हासलो. समुद्र कुठी, कोसमटोला कुठी! आमच्यातल्या कोणी समुद्र पाह्यला नाई, त्यानं काऊन आम्हाले पाहाले यावं? पण आला बाप्पा. दुपारचं आभाळ काळंभोर झालं, अन् असा वारा सुटला का बोलायची सोय नव्हती, तोंडातलं तोंडातच राहे. मी अन् बुडा मुखरूच्या कोठ्यात बैलं बांधाले गेलो होतो, म्हणून वाचलो. मुखरू आमचा शेजारी, भाऊबंदातलाच. तिथूनच पाह्यलं. मोह हलला, मुळासकट उठला, अन् आमच्या घरावर आडवा झाला. छप्पर गेलं, समोरची भिंत गेली. साऱ्या टोल्यात एवढं नुकसान आमचंच. बाकी कोणाचे दोन-चार कवेलू, म्हणजे कौलं, उडाले, कोणाचं कुंपण गेलं.

मी आंगणात बसून रडली नाई, ओरडली. झाडावर ओरडली, वाऱ्यावर ओरडली, बुड्यावर तं लईच ओरडली. "ते झाड दोन वर्षापासून वाकलं होतं, तोडा म्हणून सांगत होती मी!" बुडा म्हणते, "मोहाचं झाड कोणी तोडते का? साल दरसाल टोपलीभर फुलं देते." आता घ्या फुलं, म्हणलं.

आता आमच्या इकडची रीत सांगते. घर पडलं तं घरवाल्यानं कोणाच्या दारी जायचं नाई. गाव आपणच येते. कोणी बांबू आणते, कोणी माती भिजवते, अन् कवेलू सारे देते. ते विकत नाई घेत कोणी. ज्याच्या त्याच्या छपरावरून काढून आणते. कोणी कोठ्यावरचे देते, कोणी मागच्या पडवीवरचे. ज्याचं घर आज पडलं त्यानं उद्या दुसऱ्याले द्यायचे. लहानूच्याही हातानं आजपर्यंत किती घरं चढली असंन, मोजली कोणी?

तं दुसऱ्या दिवशी सकाळी सारा टोला आमच्या आंगणात. अन् साऱ्याइले एकच ठाऊक, का नूतन येणार आहे. बाया म्हणे, "गिरजा, पोरगीले उघड्यावर बसवशीन का? चाल, माती तुडव." मुखरूनं तं हद्द केली. आपल्या कोठ्याचं अर्धं छप्पर उतरवलं. मी म्हणलं, "भाऊ, तुमचे बैल?" तं म्हणते, "बैलाले का बाळंतपण आहे?" साऱ्या बाया हासल्या. खरं सांगते, त्या तीन-चार दिवसात मी दुःख इसरली होती. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी भिंत उभी, छप्पर चढलेलं. सारे कवेलू वेगवेगळ्या रंगाचे, कोणाचे काळे, कोणाचे लाल, कोणाचे शेवाळलेले. मी शेणानं सारवण केलं, चुन्यानं दाराले पट्टे ओढले, अन् विहारात वंदना करून आलो तं नूतन दारात. टेम्पोतून उतरली. जाफरभाईचा टेम्पो. जाफरभाई म्हणजे तालुक्याचा भांड्याचा व्यापारी, आमच्या साऱ्या टोल्याइत त्याचं येणंजाणं. तो बल्लारपूरले मालाले जाते, म्हणून त्याच्यासंगं आणली होती.

नूतन घर पाहून म्हणते, "माय, मले तं सांगतलं का घर पडलं!"

"पडलं होतं," म्हणलं. "पण तू येणार होती ना."

आठ दिवसानं पटवारी आला. वादळाचा पंचनामा होता. तरणाच पोरगा, सारा तालुका फिरून थकलेला, बुटाले गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्याले नव्या ओसरीवर बसवलं, पाणी देलं, चहा टाकला. गावातले सारे गोळा झाले. चहा पिऊन तो कागद काढून म्हणते, "हं, कोणाचं घर पडलं तुमच्या टोल्यात?"

बुडा हात जोडून पुढं झाला. "आमचं जी."

"कुठी आहे?"

"हेच तं आहे. ज्याच्यात तुम्ही बसले."

पटवाऱ्यानं वर पाह्यलं, भिंतीकडं पाह्यलं, मंग बुड्याकडं पाह्यलं. त्याले वाटलं का मस्करी करून राह्यले. मंग साऱ्याइनं एकदम सांगाले सुरुवात केली. मोह कसा पडला, भिंत कशी गेली, कोणी कवेलू देले, कोणी बांबू. झाडाचं बुड दाखवलं. तो ऐकत होता, मान हालवत होता. मंग म्हणते, "बाबा, तुमचं सारं खरं असंन. पण मले जे दिसते तेच लिहा लागते. काल का होतं ते लिहायची सोय नाई माझ्याकडं. घर उभं आहे, सारवलेलं आहे, चुना लावलेला आहे. याले पडलेलं कसं लिहू?"

मी म्हणलं, "मंग आमचं सोडा. या लोकाइचं लिहा. हे मुखरूभाऊ, याइच्या कोठ्याचं अर्धं छप्पर गेलं."

पटवारी मुखरूच्या कोठ्यात गेला. उघडं छप्पर पाहून खूशच झाला, लिहाले काहीतरी भेटलं म्हणून. "वादळानं गेलं ना हे?"

आता मुखरूनं हो म्हणायचं का नाई? पण नाई! हा माणूस म्हणजे खरं बोलायचा ठेकाच घेतलेला. म्हणते, "नाई जी. मीच काढून देले लहानूले."

"मंग ते नुकसान नाई झालं, भाऊ," पटवारी म्हणते. "ते दान झालं."

अशी साऱ्याइची गत. कोणाचे वीस कवेलू कमी, कोणाचे पन्नास. एकाचं घर पुरं पडलं असतं तं सरकारकडून छपराले टिनाचे पत्रे भेटत होते. आम्ही ते एक पडलेलं घर साऱ्या टोल्यानं वाटून घेतलं, अन् वाटून घेतल्यावर कोणाच्याच वाट्याले नुकसान उरलं नाई. पलीकडच्या टोल्यात लोक पडल्या घरात हात बांधून बसले होते, त्याइले पत्रे लिहून देले. मी त्याइले नावं ठेवत नाई. त्याइचंही पडलंच होतं. आम्ही मात्र घाई केली. कशाची घाई? तं माणुसकीची. माणुसकीतही घाई करू नये, हे मले कोणी शिकवलं नव्हतं.

मधात जाफरभाईचा टेम्पो मदत घेऊन आला. शहरातल्या लोकाइनं पाठवलेली मदत, गाठोडीच्या गाठोडी. आम्हाले वाटलं ताडपत्र्या असतीन. गाठोडं सोडलं तं काय? स्वेटर! वैशाखाचं ऊन, डांबर वितळून राह्यलं, अन् लोकरीचे स्वेटर. बुड्याले एक बायकी स्वेटर भेटला, गुलाबी, फुलाफुलाचा. नूतननं त्याले घालाले लावला अन् पोट धरून हासली. आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती हासे तवा मले भेव वाटे. जाफरभाई बिचारा शरमून उभा. "बाई, मैं तो सिर्फ गाडीवाला हूँ. जे भरून देते ते आणतो." मी म्हणलं, "भाई, तुम्ही नका मनावर घेऊ. देणाऱ्याचं मन चांगलंच असंन, त्यानं फक्त कॅलेंडर नाई पाह्यलं."

आता खरी गोठ ऐका. पटवारी जाता जाता बुड्याले बाजूले घेऊन सांगून गेला होता. माणूस वाईट नव्हता तो. म्हणे, "सोमवारी मोठे साहेब फेरतपासणीले येणार आहे. त्याइले घर पडलेलं दिसलं तं मी तुरंत लिहून देतो. पुरे पत्रे भेटतीन. कवेलू लोकाइचे लोकाइले वापस. इचार करून पाहा."

झालं. रात्री साऱ्या माणसाइची बैठक विहाराच्या ओट्यावर. मुखरू म्हणे, "आपुनच चढवलं, आपुनच उतरवू. चार दिवसाची गोठ आहे. पत्रे भेटले का पक्कं घर होते, अन् साऱ्याइचे कवेलू पाणी लागायच्या आत आपापल्या छपरावर जाते." बोलणं चुकीचं नव्हतं. तेच तं लागते मनाले. एकही जण चुकीचं बोलला नाई.

मी उठून उभी झाली. "अरे, उभं घर पाडते का कोणी? दिमाग जाग्यावर आहे का तुमचा? माझी पोरगी आत झोपली आहे!"

 बुडा खाली पाहत बसला. मंग मागून नूतनचा आवाज आला. ती कवाची येऊन उभी होती कोण जाणे.

"माय, पाडू दे. त्याइचे कोठे उघडे आहे, मुखरूकाकाचे बैल ऊन खाते. मले झोप नाई येत त्यानं. पत्रे लागले का मंग पावसाळाभर कोणाचं काही देणं नाई. मी चार दिवस काकाकडं राहीन."

 पोरगी माझ्यावर गेली नाई, बापावर गेली. तिलेही राग येत नाई.

शुक्रवारी घर उतरवलं. चढवताना किती हासत होते, उतरवताना कोणी हूं का चूं नाई केलं. हातोहात कवेलू खाली येत होते, अन् बाया टोपलीत घेऊन आपापल्या घरी नेत होत्या. भिंतीले कोणी हात लावला नाई. साहेबाले छप्पर नाई इतकं दिसलं तरी पुरे, असं ठरलं होतं. शेवटचा आडा, छपराचा वरचा आडवा बांबू, सोडाले बुडा स्वतः वर चढला. मी म्हणलं, पोट्ट्याइले चढू द्या. तं म्हणते, "माझं घर आहे, माझ्या हातानं उतरू दे." बांबू ओला होता, वादळात पडलेल्या बेटातला. तो फाटला. बुडा वरून आला तो सरळ चुलीच्या दगडावर. मांडीचं हाड मोडलं. मुखरूनं खाटेवर घालून तालुक्याले नेला, दोन दिवसानं कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून वापस आणला. डॉक्टरनं सांगतलं, दोन महिने हालायचं नाई. मुखरूच्या ओसरीवर त्याची खाट टाकली. पाणी पाजण्यापासून मलमूत्रापर्यंत सारं मले.

सोमवार आला. मी सकाळपासून पडक्या घरात जाऊन बसली. मुखरूनं बजावलं होतं, "वहिनी, झाडू नका. काही उचलू नका. जसं आहे तसंच दिसू द्या." आता सांगा, जिंदगीभर कोंबडा आरवायच्या आत आंगण झाडणारी बाई मी, अन् मले कचऱ्यात बसून कचऱ्याची राखण करा लागली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. साहेबाची जीप आली नाई. कोतवाल सायकलवर आला, म्हणे नदीपलीकडं काम निंगालं, उद्या नक्की. मंगळवारी म्हणे, उद्या नक्की. बुधवारी आभाळ भरून आलं तवा मुखरू धावत आला, "वहिनी, कवेलू चढवू का परत? रातोरात चढवतो." मी म्हणलं, चढवा. तितक्यात कोतवालाची सायकल. "उद्या सकाळी साहेब पहिले कोसमटोल्यातच येते. पक्कं. हात लावू नका कशाले."

आम्ही हात लावला नाई.

त्या रात्री पाणी लागलं, अन् दोन रोज थांबलं नाई. मातीच्या भिंतीले डोक्यावर छप्पर नसन तं ती का भिंत राहते? शुक्रवारी सकाळी मागची बसली. दुपारी बाजूची. समोरची भिंत, जी साऱ्या टोल्यानं तुडवलेल्या मातीची होती, ती शेवटपर्यंत उभी होती. मले वाटलं ही टिकते. मी तिले जुनी चादर पांघरवाले गेली, खरंच सांगते, येड्यासारखी चादर घेऊन गेली भिंतीले पांघरवाले. माझ्या डोळ्यापुढं ती खाली बसली. नूतन मुखरूच्या दारातून पाहत होती. मुखरूचंही घर ते केवढं, त्यात त्याचे पाच जण, खाटेवर आमचा बुडा, अन् ही. रात्री पाय लांब करायची सोय नाई. शेजारपाजारच्याइनं बोलावलं, "आमच्याकडं झोप बेटा," पण साऱ्याइच्या घरी तीच दाटी.

शनिवारी जवाई आला. त्याले कोणी निरोप नव्हता देला. पाणी पाहून त्याचाच जीव राह्यला नाई. तो चिखलातून आला, आमच्या घराच्या जाग्यावर उभा राह्यला, मंग मुखरूच्या ओसरीत आला. नूतन कोपऱ्यात पोत्यावर बसली होती, पाय सुजलेले. अश्वजित मले मामी म्हणते. आवाज न वाढवता म्हणला, "मामी, मी हिले घेऊन जातो. माझ्या खोलीले छप्पर तरी आहे."

मी भांडली. "दिवस भरत आले. तुम्ही पाळीवर जाल, ती एकटी राहीन. मागच्या टाइमचं इसरले का?"

"नाई इसरलो, मामी," तो म्हणला. "पण इथी कुठी ठेवू? तुम्हीच सांगा."

  मी म्हणलं, मी येते संगं. तं मागून खाटेवरून बुड्यानं पाणी मांगतलं. साधं पाणी मांगतलं त्यानं, त्याले का ठाऊक काय चालू आहे. नूतननंच तांब्या नेऊन देला. मंग मले म्हणते, "माय, तू बाबाले पाह्य. माझं होऊन जाईन. या खेपेले मी शेजारणीले आधीच सांगून ठेवते."

मी तिले ओवा बांधून देला, हळद देली, माझ्या जुन्या लुगड्याचे मऊ धडपे फाडून देले. फाटक्या छत्रीत दोघं नवरा-बायको निंगाले. वाटेच्या वळणावर तिनं मागं पाह्यलं नाई. बरं केलं, पाह्यलं असतं तं मी बुड्याले सोडून धावली असती.

मोठे साहेब कधी आलेच नाई. पण तो पटवारी आला, पाणी उघडल्यावर. आमचं घर पाहून उभाच राह्यला. चिखलाचा ढीग, त्यातून दाराची चौकट वर निंगालेली. मले इचाराले लागला, हळूच, "बाई, हे पावसानं पडलं का वादळानं?"

मंग मात्र मी सोडलं नाई त्याले. "तूच सांग बेटा, तुले लिहा लागते ना! उभं होतं तवा तुले पडलेलं पाहिजे होतं. घे, पडलं. आता इचारते कशानं पडलं? तुमच्या उद्या-उद्यानं पडलं! लिही, उद्यानं पडलं म्हणून!" तो मान खाली घालून उभा. त्याच्या डोळ्यात पाणी आलं तवा मीच चूप झाली. कोणाच्या तरी पोटचा पोरगाच तो. त्यानं कागदावर वादळ लिहिलं. मले दाखवलंही. मले वाचता येत नाई, मी म्हणलं बरं.

अन् पत्रे आले. खरंच आले. बैल गेला अन् झोपा केला म्हणते, तसंच. एका दुपारी जाफरभाईचा टेम्पो आमच्या जागेपाशी थांबला, मागं चकचकीत पत्रे. साऱ्या टोल्याची पोट्टी धावली. मले इतका आनंद झाला का मी बुड्याले खाटेसकट बाहेर आणाले लावला, "पाहा, पाहा तुमचे पत्रे!" मुखरू लगेच जागा मोजाले लागला. मी त्याले सांगत होती, "भाऊ, पहिले मागची खोली. ती बाळंतिणीची. बाकी ओसरी नंतर झाली तरी चालते. बाळंत झाली असंन नाई झाली असंन, पण खोली उभी झाली का मी जाते, अन् दोघाइलेही घेऊन येते. सव्वा महिना इथीच. पाळणा तुमच्या घरचा आहेच." बोलतच होती मी, किती दिवसानं बोलत होती.

जाफरभाई एकेक पत्रा उतरवत होता. पोट्टे मदतीले गेले तं त्याइले हात लावू देला नाई. एकटाच उतरवत होता, सावकाश, एकावर एक बराबर रचून. मी म्हणलं, "भाई, इतकी जपणूक काऊन? काच आहे का? या, पाणी प्या." तरी तो येईना. सारे पत्रे उतरले, तरी तो त्याइच्यापाशीच उभा राह्यला, टोपी काढून हातात धरून.

"बाई," तो म्हणला, "मी बल्लारपूरहून येऊन राह्यलो. तुमचे जवाई बजारात भेटले. तुम्हाले सांगाले सांगतलं."

माझा हात मुखरूच्या मोजायच्या दोरीवर होता. मी म्हणलं, "झाली का? का झालं?"

"लडका था. परवा रात्री, एकाएकी. जवाई पाळीवर होते. शेजारीण लग्नाले गेलती." त्यानं टोपी घट्ट धरली. "लेकरू नाई राह्यलं, बाई. नूतनबेटी बरी आहे. ती बरी आहे, अल्ला की कसम."

खाटेवरून बुडा म्हणला, "काय म्हणते? काय म्हणते तो?" त्याले नीट ऐकू गेलं नव्हतं. कोणी त्याले सांगाले तयार नाई. मीही नाई.

मी पत्र्याकडं पाह्यलं. उन्हानं डोळे दिपत होते.

"जाफरभाई," म्हणलं, "हे घेऊन जा. भरा परत गाडीत. मले नाई पाहिजे."

तो जागचा हालला नाई. मुखरूनं माझ्या हातातून दोरी सोडवून घेतली.

"बाई, वापस नाई नेता येत," जाफरभाई म्हणला. "ते तुमच्या नावानं आले आहे."